नाव बदलण्याचा हक्क दलालाच्या दराने का घ्यायचा?

ब्राह्मणाचे नाव मंगल, क्षत्रियाचे बलाचे, वैश्याचे धनाचे आणि शूद्राचे निंदेचे असावे, असा नियम मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली महाडला ती मनुस्मृती जाळली गेली. तरी अमरावती-अकोल्याच्या वस्त्यांत दाखल्यांचे काम करताना कचरू, उकंडा, धोंडू, भिका ही नावे आजही आमच्यासमोर येतात. दृष्ट लागू नये म्हणून सगळ्याच जातींत अशी नावे ठेवत, असे कुणी म्हणेल. खरे आहे. पण इतरांसाठी ती नवसाची नावे होती. आपल्या लेकराला चांगले नाव ठेवले, तर ते गावाच्या डोळ्यात खुपायचे.

आपलेच काही कार्यकर्ते आम्हाला विचारतात, "नाव बदलून जात जाते का? हे तर जात लपवणे झाले!" आमचे उत्तर साधे आहे. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर आपल्या घरांत गौतम, सिद्धार्थ, राहुल, यशोधरा, संघमित्रा आले. या नावांनी काय लपले? उलट आपण कोण आहोत, हे ती नावे दुरूनच सांगतात. आडनावाचे म्हणाल, तर वऱ्हाडात इंगळे, तायडे, वानखडे अनेक जातींत सापडतात. म्हणून तर आडनाव ऐकून समाधान न झालेला माणूस पुढे विचारतो, "गाव कोणतं? राहता कुठं?" आणि पुण्यात खोली मिळत नाही म्हणून एखाद्या पोराने आडनाव बदलले, तर जाब घरमालकाला विचारा, त्या पोराला नको.

कायदाही आपल्या बाजूने आहे. वडिलांनी जातीमुळे होणारा अपमान सोसून आडनाव बदलले, म्हणून दोन भावांनी आपल्या प्रमाणपत्रांवर वडिलांचे नवे आडनाव मागितले. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने नकार दिला. २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो नकार फेटाळला आणि ओळखीचा हक्क हा संविधानाच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे स्पष्ट केले.

मग अडते कुठे? पैशात आणि माहितीत. कचेरीसमोर बसलेला मध्यस्थ सरकारी शुल्काच्या कितीतरी पट पैसे सांगतो. स्टॅम्प पेपर, पेपरात जाहिरात, दिल्लीचे राजपत्र, सगळेच "लागते" म्हणतो. रोजमजुरी करणारा माणूस तिथूनच परत फिरतो.

म्हणून एवढे ध्यानात ठेवा. महाराष्ट्रात राहणाऱ्याला महाराष्ट्र शासनाचे राजपत्र पुरते. अर्ज शासकीय मुद्रण संचालनालयाच्या संकेतस्थळावर स्वतः भरता येतो. मागासवर्गीयांना शुल्कात सवलत आहे, त्यासाठी जातीचा दाखला जोडावा लागतो. कोणती कागदपत्रे हवीत ते तिथेच वाचा आणि मगच स्टॅम्प किंवा जाहिरातीवर पैसे खर्च करा. प्रतिज्ञापत्रात अडचण आली, तर जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमाती आणि स्त्रिया यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सहाय्य मिळते.

नव्या नावाचे मराठी आणि इंग्रजी स्पेलिंग दोनदा तपासा. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते, त्यामुळे एका अक्षराची चूक महागात पडते. राजपत्राची पीडीएफ जपून ठेवा, जुन्या गुणपत्रिकेसोबत तीच दाखवायची असते. मतदार यादीतील दुरुस्तीचा नमुना ८ मोफत आहे. आणि हेही लक्षात असू द्या: नाव बदलणे वेगळे, धर्माची नोंद बदलणे वेगळे. दोन्हींचे अर्ज स्वतंत्र आहेत.

पण सवलतीवर समाधान मानायचे कारण नाही. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. महारवाड्याचे भीमनगर करायला सरकार तयार झाले, त्याचा भार वस्तीवर टाकला नाही. मग त्याच भीमनगरातल्या माणसाने आपल्या नावावरचा डाग पुसायला शुल्क का भरावे? अपमानकारक किंवा जातिवाचक नाव बदलणाऱ्याला पूर्ण शुल्कमाफी द्या आणि प्रत्येक तालुक्याच्या सेतू केंद्रात हा अर्ज मोफत भरून द्या, अशी आमची मागणी आहे.

ती मान्य होईपर्यंत हात बांधून बसायचे नाही. आपल्या विहारांत शिकलेली पोरे आहेत, प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे. रविवारच्या वंदनेनंतर दोन तास एक टेबल मांडा. एकाने कागद तपासावेत, दुसऱ्याने अर्ज भरावा, तिसऱ्याने पावती सांभाळावी. जयंतीच्या डीजेला वर्गणी निघते, तिथे चार मजुरांच्या राजपत्राचे शुल्कही निघेल. येत्या रविवारी सुरुवात करा.

जय भीम!