घर-अंगण : लॉन ठेवायचं की बदलायचं?



एप्रिल लागला की इंदूरच्या जुन्या मराठी घरांत एक विषय हमखास निघतो. घरापुढचं लॉन पिवळं पडायला लागतं, नळ एक दिवसाआड येतात, बोरिंगची धार बारीक होते आणि माळी भैया पैसे वाढवून मागतो. आई-बाबा इथे, मुलं पुण्यात नाहीतर बंगळूरला. मग फोनवरून सल्ले सुरू होतात. मुलगा म्हणतो, "लॉन सांभाळणाऱ्यांना वर्षाचा ठेका देऊन टाका." मुलगी म्हणते, "सगळं उकरून पेव्हर टाका, कटकट मिटेल." दोघांचंही मन चांगलंच असतं. पण त्याआधी घरात एक प्रश्न विचारायला हवा : या लॉनवर हल्ली चालतं कोण?

लॉन लावलं तेव्हा त्यावर मुलं खेळायची, मुंजीचा मांडव पडायचा, कोजागिरीचं दूध आटायचं. आता संध्याकाळी दोन खुर्च्या बाहेर येतात, तेवढंच. गरज दोन खुर्च्यांची आणि पाणी मात्र पूर्ण अंगणाला, असं बहुतेक घरांत चाललेलं असतं.

पाण्याचा हिशेब एकदा कागदावर मांडूनच बघा. एक हजार चौरस फूट म्हणजे साधारण ९३ चौरस मीटर. मे महिन्यात लॉन हिरवं ठेवायला दिवसाला ५ मिलिमीटर पाणी धरलं, तर रोजचे सुमारे ४६५ लिटर होतात. शहरातल्या पाणीयोजना आखताना माणशी रोज १३५ लिटर धरतात. म्हणजे आपलं लॉन तीन-साडेतीन माणसांचं पाणी पितं. हे पाणी येतं कुठून? सुमारे ७० किलोमीटरवरच्या जलूदहून, पंपांनी घाट चढवून. १९७८ साली नर्मदा इंदूरला आली, त्याचं कौतुक आपल्या आजी-आजोबांच्या तोंडून तुम्ही ऐकलं असेलच.

आता ठेक्याचं बघू. उन्हाचं, रोजच्या वापरातलं लॉन असेल आणि घरात करणारं कुणी नसेल, तर ठेका जरूर द्या. फक्त आठवड्यातून किती फेऱ्या, एवढंच विचारून थांबू नका. मशीन कुणाचं, खत कोणतं आणि कधी, औषध फवारणार का, पावसाळ्यात गवत भराभर वाढतं तेव्हा जास्तीची कापणी धरली आहे का, हे सगळं लिहून घ्या. लव्हाळा काढताना खालच्या गाठीसकट काढणार का, हेही विचारा. नुसता वरून खुडला तर पुन्हा उगवतो आणि काम कधी संपतच नाही. कापताना पात्याचा एक तृतीयांशापेक्षा जास्त भाग एका वेळी काढू नये, उन्हाळ्यात तर गवत थोडं उंचच ठेवावं. पाणी पहाटे द्यावं. रोज थोडं शिंपडण्यापेक्षा एक-दोन दिवसांआड मुरेपर्यंत दिलेलं बरं, म्हणजे मुळं खोल जातात. या गोष्टी ज्याला विचारण्याआधीच माहीत आहेत, त्याला दोन पैसे जास्त द्यायला हरकत नाही.

बदलायचं ठरवलं, तर प्रत्येक जागेला वेगळं उत्तर आहे. भर उन्हाच्या जागी आपली हरळी, म्हणजे गणपतीला वाहतो ती दूर्वाच, सगळ्यांत सोशिक. उन्हाळ्यात ती तपकिरी होते, पण मेलेली नसते. जमिनीतल्या कांड्या जिवंत असतात आणि पहिल्या दोन पावसांत ती पुन्हा हिरवी होते. दोन महिने तपकिरी अंगण चालणार असेल, तर यापेक्षा स्वस्त उपाय नाही. जिथे पाय पडत नाही पण ऊन भरपूर आहे, तिथे चिनी गुलाब छान पसरतो. झाडाखालच्या सावलीत लॉन कधीच धड वाढत नाही. तिथे मंकी ग्रास, स्पायडर प्लांट किंवा फर्न लावा. भिंतीच्या कडेला गवती चहा, कढीपत्ता, आंबेहळद लावली तर स्वयंपाकघरही खूश. पिवळ्या फुलांचं वेडेलिया मात्र जपून. ते झटपट पसरतं आणि मग आवरत नाही.

आता पेव्हर. सगळं अंगण फरसबंद केलं की कटकट मिटते, हे अर्धंच खरं. इंदूरला वर्षाला साधारण ९०० ते १००० मिलिमीटर पाऊस पडतो. हजार चौरस फुटांवर ते ८० हजार लिटरहून जास्त पाणी झालं. ते मुरायला जागा उरली नाही, तर रस्त्यावर जाईल आणि आपण मे महिन्यात टँकर बोलावू. शिवाय माळव्यातली काळी माती उन्हाळ्यात तडकते, पावसाळ्यात फुगते. खाली मुरूम नीट दाबून घेतला नाही, तर दोन पावसाळ्यांत फरशा वरखाली होतात आणि म्हाताऱ्या माणसाचा पाय अडतो. म्हणून चालण्यापुरती पायवाट करा, फटींत हरळी येऊ द्या, बाकी जमीन उघडी राहू द्या.

प्लॅस्टिकच्या लॉनला पाणी लागत नाही हे खरं, पण दुपारी ते इतकं तापतं की अनवाणी पाय ठेववत नाही. धूळही बसते, म्हणजे पाइप पुन्हा हातात आलाच.

आमच्या गल्लीतल्या एका आजींनी मधला मार्ग काढला. ओट्यासमोर बारा फूट बाय पंधरा फूट एवढंच लॉन ठेवलं. त्याला रोज शंभर लिटरच्या आत पाणी पुरतं. बाकीच्या जागेत पायवाट, सावलीची झाडं आणि एक हळदीचा वाफा. माळी भैयाला त्यांनी काढलं नाही. तो आता कापणीच्या फेऱ्यांऐवजी छाटणी करतो, पालापाचोळ्याचं खत करतो, वाफे बघतो. पंधरा वर्षं घरी येणाऱ्या माणसाचा रोजगार एका फोनवर तुटू नये, हे त्यांनी मुलाला स्पष्ट सांगितलं. मुलाचा आग्रह प्लॅस्टिकच्या लॉनचा होता. आजी म्हणाल्या, "तू वर्षातून आठ दिवस येतोस रे. मला रोज सकाळी अनवाणी चालायचंय."

मुलांनो, पैसे तुम्ही देत असलात, तरी ही गोष्ट ध्यानात ठेवा. अंगणात रोज जो वावरतो, त्याच्या गुडघ्यांचा, सवयींचा आणि आवडीचा विचार आधी. जड पाइप ओढायला लागू नये, वाकून खुरपावं लागू नये, शेवाळावरून पाय घसरू नये. एवढं जमलं की मग लॉन किती आणि कुठे, ते ठरवणं सोपं आहे.

घाई मात्र करू नका. उन्हाळ्यात नवीन काही लावलं, तर ते जगवायलाच जास्त पाणी जाईल. आत्ता फक्त मोजमाप घ्या. एका रविवारी सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी अंगणाचे फोटो काढून ऊन कुठे किती वेळ राहतं ते बघा, आणि आठवडाभर कोण कुठे चालतं, बसतं ते लक्षात घ्या. मुरूम, पायवाट ही कामं मेमध्ये उरकून घ्या. लागवड जूनअखेर, पाऊस नीट सुरू झाल्यावर.

तुमच्या अंगणाचे आधीचे आणि नंतरचे फोटो मंडळाकडे नक्की पाठवा. पुढच्या महिन्यात बोलू गच्चीवरच्या कुंड्यांबद्दल.