अधू हात आणि आपली सही

वाहन परवान्यासाठी लागणारे वैद्यकीय प्रमाणपत्र, म्हणजे 'नमुना १-अ', आपल्यापैकी बहुतेकांच्या टेबलावर कधी ना कधी येतेच. काम दोन मिनिटांचे. त्या दोन मिनिटांविषयी मला काही मांडायचे आहे आणि त्याची सुरुवात माझ्याच एका चुकीपासून होते.

कोयलीत दवाखाना थाटला त्या काळात, रिफायनरीतील एका मराठी कुटुंबाचे बाळ माझ्याकडे आले. प्रसूतीच्या वेळी खांदा अडकला होता. उजवा हात लुळा, कोपर सरळ, तळवा मागे वळलेला. एर्ब यांनी १८७४ साली वर्णिलेला हा पक्षाघात हजारात एखाद्‌दुसऱ्या बाळाला होतो आणि बहुतेक बाळे त्यातून सावरतात. हे पूर्ण सावरले नाही. बोटांत पकड आली, कोपर वाकू लागले. पण हात खांद्याच्या वर जाईना. मुलगा दहा वर्षांचा असताना आईने विचारले, "मॅडम, पुढे याला काय काय जमणार नाही?" मी यादी सांगितली. तीत 'मोटार चालवणे' हेही होते.

गेल्या वर्षी तोच मुलगा, आता अभियंता, परिवहन कार्यालयाने मागितलेला नमुना १-अ घेऊन समोर बसला. माझा संकोच त्याने ओळखला. "मॅडम, हात आहे तसाच राहणार. पण गाडी बदलता येते ना?"

दुसऱ्या दिवशी मी माझ्याच उभ्या गाडीत उजवा हात मांडीवर ठेवून बसले, तेव्हा प्रश्न उलगडला. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो आणि गिअर डाव्या हाताने बदलतो. त्या क्षणी स्टिअरिंगचा सारा भार उजव्या हातावर येतो. हा हात अधू असेल तर धोका नेमका तिथे आहे. ऑटोमॅटिक गाडीत गिअरसाठी डावा हात स्टिअरिंगवरून उचलावाच लागत नाही. आता आपल्याकडील लहान गाड्यांतही ही सोय आली आहे. पॉवर स्टिअरिंग आणि चाकाच्या डाव्या अंगाला घट्ट बसवलेला फिरता नॉब असला, की एका हाताने पूर्ण वळण घेता येते. इंडिकेटरची दांडी बहुधा उजवीकडे असते. तिला जोड देऊन ती डाव्या हाताच्या कक्षेत आणता येते. काही युरोपीय बनावटीच्या गाड्यांत तर ती मुळातच डावीकडे असते. डावा हात अधू असेल तर हिशेब उलटा होतो. तेव्हा अडसर गिअरचा आणि हँडब्रेकचा; ऑटोमॅटिक गिअर आणि बटणावर चालणारा पार्किंग ब्रेक त्यावर उपाय.

कायदाही बदलला आहे. १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या मूळ व्याख्येत अपंगांसाठी मुद्दाम बांधलेले वाहनच बसत असे. साध्या गाडीत बदल केलेले चालत नसे. २०१९च्या दुरुस्तीने असे बदललेले वाहनही मान्य केले. केवळ तेवढेच वाहन चालवण्यापुरता परवाना देता येतो. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात तर वाहनांतील अशा बदलांसाठी शासनाने योजना आखाव्यात असे म्हटले आहे. दोन्ही हात नसलेले इंदूरचे विक्रम अग्निहोत्री यांना २०१६ मध्ये, तर केरळच्या जिलुमोल मॅरियट थॉमस यांना डिसेंबर २०२३ मध्ये परवाना मिळाला. दोघेही पायांनी गाडी चालवतात.

यावर कोणी म्हणेल, कोयलीच्या रस्त्यावर टँकरांची रीघ असते. समोरून येणाऱ्याच्या जिवाचे काय? आक्षेप रास्त आहे. म्हणूनच दयेपोटी केलेली सही मला नकाराइतकीच चुकीची वाटते. पकड किती, हात कुठवर पोहोचतो, वेदना होतात का, किती वेळाने थकवा येतो, हे तपासावे. त्याला बदल केलेल्या गाडीत बसवून पाहावे. हौसेखातर लावलेला ढिला नॉब चालणार नाही. एअरबॅगच्या वाटेत तर काहीच नको. बदलाची नोंद आरसी बुकात हवी आणि विमा कंपनीलाही ते कळवलेले हवे. मग कोणत्या सोयी असल्यास तो सक्षम आहे, ते प्रमाणपत्रावर स्पष्ट लिहावे. नुसत्या 'सक्षम' वा 'अक्षम' या शब्दाने आपले काम संपत नाही, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

त्या मुलाला मी लगेच सही दिली नाही. नकारही दिला नाही. "आधी गाडी तयार करून आण," म्हटले. काही आठवड्यांनी वडील ती गाडी चालवत घेऊन आले. उभ्या गाडीत त्याने डाव्या हाताने चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून दाखवले, इंडिकेटर दिले, एकदम ब्रेक दाबला. मी अटींसह सही केली. पुढची परीक्षा त्याने परिवहन कार्यालयात, सर्वांसारखीच, दिली.

बालरोगतज्ज्ञ मित्रांना एवढेच सांगणे आहे : तीन महिन्यांत कोपर वाकले नाही तर बाळाला वेळीच शल्यचिकित्सकाकडे पाठवा. आणि आईने 'काय जमणार नाही' असे विचारले, तर उत्तराची घाई करू नका. ती यादी मी आता कोणालाच देत नाही.