कुंकू तेवढे लाल

लग्नाच्या छायाचित्रसंग्रहांत एक चित्र आता हटकून आढळते. वधूचा चेहरा, केस, गळा, मागची भिंत, सारे करडे. कपाळावरचे कुंकू तेवढे लालभडक. प्रांत बदलला की तपशील बदलतो. पंजाबात मनगटावरचा चुडा राखला जातो, बंगालमध्ये भांगातला सिंदूर, राजस्थानात पर्यटकांसाठी टिपलेल्या वृद्धाचा साफा. कृती एकच असते आणि ती कलात्मक समजली जाते. हा समज तपासून पाहण्याजोगा आहे, कारण येथे वाद नुसत्या अभिरुचीचा नाही. चित्रातल्या माणसाचे काय होते, हा खरा प्रश्न आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करावयास हवा. या चित्रात कृष्णधवल प्रतिमेला रंगाची जोड दिलेली असते, असे पाहणाऱ्यास वाटते. वस्तुतः क्रम उलटा असतो. मूळ चित्र संपूर्ण रंगीत असते. संगणकावर त्याची रंगहीन प्रत करून ती मूळ चित्रावर थरासारखी पसरली जाते आणि कुंकवापुरते भोक पाडून खालचा रंग दिसू दिला जातो. १९९४ साली फोटोशॉपमध्ये थरांची सोय आली, तेव्हापासून हे काम कोणाही शिकाऊ मुलास घटकाभरात जमू लागले. म्हणजे कुंकवाला कोणी काही देत नाही. चेहऱ्याकडून मात्र काढून घेतले जाते. गालांवरची लाली, ओठांचा ओलावा, जागरणाने तांबारलेले डोळे, हळदीचा कानामागे राहिलेला पिवळा डाग, हे सर्व त्या चित्रात होते. कोणीतरी ते अनावश्यक ठरवले.

कृष्णधवल छायाचित्रण ही उणिवेची कला नव्हे, याचा येथे विसर पडतो. आरंभीच्या काळात ती उणीव होती, हे खरे. कलोडियनच्या काचांवरील लेप निळ्या प्रकाशाला जागा होता, तांबड्याला जवळजवळ आंधळा. म्हणून एकोणिसाव्या शतकातील चित्रांत लाल कुंकू काळे उमटे आणि निळे आकाश पांढरेफटक. पुढे सर्व रंगांना जाणणारे लेप आले, तरी लाल आणि हिरवा एकाच करड्यात मिसळून जाण्याची शक्यता उरलीच. छायाचित्रकाराने भिंगापुढे पिवळी वा तांबडी काच धरून कोणता रंग उजळावा, कोणता गडद करावा, हे ठरवण्याची विद्या त्यातूनच निर्माण झाली. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या पायऱ्या एकमेकींच्या आधाराने उभ्या असतात. अशा चित्रात कपाळ उजळ दिसते ते गळ्याखालच्या सावलीमुळे. तेथे भडक लालाचा एकच ठिपका आला, की बाकीच्या पायऱ्यांना अर्थ उरत नाही. डोळा प्रथम ठिपक्यावर जातो, चेहऱ्यावरून भटकून पुन्हा ठिपक्यावरच येतो. व्यक्तिचित्रात ही जागा नजरेची असते, ती कुंकवाने घेतली.

या पद्धतीचे समर्थक इतिहासाचा दाखला देतात. हाताने रंगवलेली छायाचित्रे छायाचित्रणाइतकीच जुनी आहेत, हे त्यांचे म्हणणे बरोबर आहे. फेलिचे बेआतो आणि कुसाकाबे किम्बेई यांच्या योकोहामातील चित्रशाळांत कारागीर छापील प्रतींवर पातळ जलरंग चढवीत. उदयपूर आणि नाथद्वारा येथील चितारी तर छायाचित्रावर अपारदर्शक रंगांचे असे लेप देत, की खालचा कागद शोधावा लागे. पण या सर्वांचा प्रयत्न कोणता होता? यंत्राला जे देता आले नाही, ते हाताने परत करण्याचा. आणि जेथे रंग मोजकाच वापरला जाई, त्या युरोपातील जुन्या दागेरोटाइपांतही दागिन्यांवर सोनेरी कण चढत, पण गालांना गुलाबी छटा दिल्याखेरीज कारागीर काम संपले म्हणत नसे. निर्जीव पत्र्यावर बसलेला माणूस जिवंत दिसावा, ही ती धडपड होती. आजचा कारागीर जिवंत गाल राखेच्या रंगाचे करतो आणि त्याला त्याच परंपरेचा वारस म्हणवून घ्यावयाचे असते.

दुसरा दाखला चित्रपटांचा. १९९३ च्या 'शिंडलर्स लिस्ट'मध्ये लाल कोटातली मुलगी आहे, १९२५ च्या 'बॅटलशिप पोटेमकिन'मध्ये आयझेनस्टाइनने हाताने रंगवलेला लाल बावटा आहे. बावट्याची गोष्ट वेगळी: त्या काळच्या फिल्मवर खरा लाल बावटा काळा उमटला असता, म्हणून पांढरा फडकवून तो नंतर रंगवला गेला. स्पीलबर्गचा कोट एकदा क्राकूवच्या वस्तीत हिंडताना दिसतो आणि पुढे प्रेतांच्या गाडीवर. दोन दर्शनांमध्ये जे घडले ते त्या लाल रंगात साठते. स्थिर चित्राजवळ असे 'पुढे' नसते. तेथे रंग काही सांगत नाही, नुसता बोट दाखवतो.

आणि बोट कोठे दाखवतो, तेही पाहावे. रंगासाठी निवडले जाते ते बहुधा सौभाग्यचिन्ह: कुंकू, सिंदूर, चुडा, शालू. त्याच संग्रहातील वराच्या कोणत्या खुणेला हा मान मिळतो? बहुतेक वेळा तो अखंड करडा असतो किंवा अखंड रंगीत, म्हणजे निदान एकसंध असतो. ज्या समाजात नवरा मेल्यावर बाईचे कुंकू पुसले जाई, त्या समाजात बाई पुसून कुंकू राखणारे चित्र दिवाणखान्यात लागावे आणि कोणास खटकू नये, हे चमत्कारिक आहे. राजस्थानी वृद्धाचीही तीच गत. साफा झळकतो, सुरकुत्या विझतात. माणूस साफा ठेवण्याची खुंटी होतो. करड्यात सर्वांची कांती सारखी होते, गोऱ्या-सावळ्याचा भेद मिटतो, असे एक चतुर उत्तर ऐकू येते. ते देणारे हात त्याच संगणकावर तो करडाही दोन छटांनी उजळून देत असतात.

रंगाला विरोध करण्याचे कारण नाही. रघुबीर सिंग यांनी जवळजवळ सारे आयुष्य रंगीत छायाचित्रणाला दिले आणि भारत कृष्णधवलात मावत नाही अशी भूमिका आग्रहाने मांडली. ती न पटणारे थोर छायाचित्रकार या देशात होते. होमाई व्यारावाला यांचे काम त्याची साक्ष आहे. दोन्ही पक्षांनी आपापल्या निवडीची किंमत संपूर्ण चौकटीत चुकवली. स्टीव्ह मॅकरी यांनी १९८४ मध्ये पेशावरजवळच्या निर्वासित छावणीत टिपलेल्या अफगाण मुलीच्या हिरव्या डोळ्यांची कीर्ती जगभर झाली. ते डोळे इतके हिरवे दिसतात ते विटकरी, फाटक्या ओढणीमुळे आणि मागच्या हिरवट पार्श्वभूमीमुळे. ओढणी करडी केली, तर डोळे रंगवलेल्या काचेसारखे दिसू लागतील.

गिऱ्हाईक मागते म्हणून करतो, असे व्यावसायिक म्हणतात. त्यांच्या पोटापाण्याशी कोणाचे भांडण नाही. मात्र मागणाऱ्याला एवढे ठाऊक असावे, की ज्या चित्रातून हे करडे चित्र कोरून काढले, ते मूळचे संपूर्ण रंगीत चित्र बहुधा त्याच दुकानातील संगणकात पडलेले असते. हिशेब चुकता करताना तेही मागून घ्यावे.