बिल्ला आणि अधिकार

सन 2017 मध्ये मारिया चक्रीवादळाने प्वेर्तो रिको बेटावरील वीज व दूरध्वनी यांची व्यवस्था कोलमडली, तेव्हा रेडक्रॉसच्या विनंतीवरून अमेरिकेतील हौशी रेडिओचालक तेथे गेले आणि आपद्ग्रस्तांचे कुशल त्यांनी बाहेर कळविले. अशा रेडिओचालकाजवळ संघीय दळणवळण आयोगाचा परवाना असतो. परंतु तो परवाना संदेश पाठविण्याचा होय. वाहने अडविण्याचा अथवा प्रतिबंधित क्षेत्रात शिरण्याचा अधिकार त्यातून लाभत नाही.

याच स्वयंसेवकांसाठी काही विक्रेते पोलिसांच्या बिल्ल्यासारखे, ढालीच्या अथवा ताऱ्याच्या आकाराचे धातूचे बिल्ले जाहिरात करून विकतात. बिल्ल्यावर ‘हौशी रेडिओ’ अशी अक्षरे असता फसवणूक कोठे झाली, असा युक्तिवाद करता येईल. पण तो टिकणारा नाही. दहा पावलांवरून अक्षरे वाचता येत नाहीत, आकार मात्र ओळखू येतो; आणि बिल्ल्याला गिऱ्हाईक मिळते ते त्या आकारामुळेच. अमेरिकेतील संघीय व्यापार आयोगही जाहिरातीचा निवाडा सुट्या शब्दांवरून न करता तिच्यामुळे होणाऱ्या एकंदर समजावरून करतो. हीच कसोटी येथेही लावली पाहिजे.

अशा बिल्ल्यामुळे भांबावलेला नागरिक अधिकार नसलेल्या माणसाची आज्ञा पाळतो. आणि एकदा फसलेला पोलीस अधिकारी पुढे प्रामाणिक स्वयंसेवकालाही संशयाने परत पाठवितो. म्हणून विक्रेत्याइतकाच ती जाहिरात छापणाऱ्या नियतकालिकाकडेही दोष जातो. स्वयंसेवकाला ओळख हवी, हे खरे. त्यासाठी स्थानिक आपत्तिनिवारण अधिकाऱ्याने दिलेले, नाव, छायाचित्र व परवान्याचे संकेतचिन्ह असलेले साधे ओळखपत्र पुरेसे आहे.