दारू तुटल्यानंतरचे तीन दिवस

मार्च २०२० च्या अखेरीस कोरोनाच्या टाळेबंदीत राज्यातल्या दारूच्या दुकानांची शटर खाली आली आणि ४ मेनंतर टप्प्याटप्प्याने वर गेली. त्या सहा आठवड्यांबद्दल आपल्यातही दोन तट आहेत. एक म्हणतो, दुकान बंद केले की माणसे सुधारतात. दुसरा म्हणतो, कसली बंदी, हातभट्टी सुरूच होती. जिंतूर, पालम, सोनपेठकडे प्रॅक्टिस करणाऱ्यांनी हा वाद जरा बाजूला ठेवावा आणि पहिले तीन दिवस आठवावेत.

सकाळी उठल्याउठल्या ज्याला घ्यावी लागते, त्याची दारू एकदम तुटली की सहा-आठ तासांतच हात कापू लागतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. तिसऱ्या दिवसाच्या आसपास काहींना भ्रम होतो. भिंतीवर किडे दिसतात, माणूस गोधडीवरून काहीतरी वेचत बसतो, बायकोला ओळखत नाही, मध्यरात्री अंगणात धावतो. घरचे म्हणतात, बाहेरची बाधा झाली. मग कुणीतरी ग्लुकोजची बाटली लावतो. थायमिन न देता नुसते ग्लुकोज चढवले तर आधीच उपाशी असलेल्या मेंदूवर वेर्निकेचा घाला पडू शकतो, हे आपण सगळे शिकलो आहोत. तरीही बाटली आधी लागते.

बंगळुरूत टाळेबंदीनंतर गंभीर विथड्रॉअलचे रुग्ण दिवसाला सरासरी चारांवरून आठांवर गेल्याची नोंद तिथल्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केली. केरळ सरकारने तर डॉक्टरच्या चिठ्ठीवर दारू देण्याचा आदेश काढला. डॉक्टरांच्या संघटनांनी विरोध केला आणि उच्च न्यायालयाने २ एप्रिलला त्याला स्थगिती दिली. विरोध रास्तच होता, कारण विथड्रॉअलवर औषध आहे. पण ते पोचवायचे कुणी? २५ मार्चला आलेल्या टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक सूचनांनुसार डायझेपामसारखी औषधे फोनवरून लिहिता येत नव्हती. बस बंद, नाक्यावर पोलीस आणि सिव्हिलमध्ये जायची भीती. अशा वेळी पालमचा माणूस परभणीला येणार कसा?

मिळेल ते प्यायचे, हा त्यावरचा सर्वांत वाईट तोडगा. एप्रिल २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीत पुन्हा दुकाने बंद असताना सॅनिटायझर पिऊन सात जणांनी जीव गमावला.

शटर उघडे ठेवले असते तर सगळे निभावले असते, असेही नाही. इंग्लंडमध्ये दारूची दुकाने अत्यावश्यक यादीत घातली होती. तिथे दारूशी थेट संबंधित मृत्यू २०१९ च्या तुलनेत २०२० मध्ये सुमारे २० टक्क्यांनी वाढले, त्यांत बहुतेक यकृताच्या आजाराचे.

मला जास्त खटकते ते पुढचे. सहा आठवडे कोरडे काढलेली माणसे मे महिन्यात आपल्यासमोर होती. विथड्रॉअल ओसरले होते, झोप जागेवर येत होती. नाल्ट्रेक्सोन किंवा डायसल्फिरामचा विचार करायला, बायकोला शेजारी बसवून बोलायला याहून बरी वेळ नव्हती. आपण मात्र वाइन शॉपसमोरच्या रांगांचे व्हिडिओ पुढे पाठवत बसलो. एम्सच्या २०१९ च्या राष्ट्रीय अहवालानुसार दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कुठलीतरी मदत मिळते. ती रांग म्हणजे उरलेले ३७ होते.

आणि टाळेबंदी संपली म्हणून विषय संपत नाही. मतदान संपण्याआधीचे ४८ तास दुकाने बंद असतात. फिट येण्याचा काळही नेमका तोच. मांडीचे हाड मोडून दाखल झालेला ऊसतोड कामगार तिसऱ्या रात्री सलाईन उपटून पळू लागला, तर त्याला बांधून घालण्याआधी शेवटची दारू कधी घेतली हे विचारा. ‘किती घेता?’ या प्रश्नाला ‘थोडीच’ असेच उत्तर येते. ‘सकाळी घेतली नाही तर हात कापतात का?’ असे विचारले की खरे कळते, आणि नवरा गप्प बसला तर बायको सांगते.

प्राथमिक आरोग्य केंद्रात थायमिनची इंजेक्शने आणि डायझेपाम किती शिल्लक आहेत, हे निवडणुकीची तारीख जाहीर झाली की त्याच आठवड्यात पाहून घ्यावे. यकृत खराब असेल तर लोराझेपाम लागेल, तेही मागवून ठेवावे.