चाकांवरच्या घराला थंडावा हवा, पण कसा?

नवतपा सुरू व्हायला दोन दिवस होते. सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरला की साधारण २५ मेपासून नऊ दिवस रायपूरचा माणूस दुपारी घराबाहेर पडत नाही, पडलाच तर खिशात कांदा ठेवतो. आणि नेमक्या अशा दुपारी काकांचा फोन आला. ‘‘टाटीबंधला ये. गाडीचं छत उघडलंय. आज नाही बघितलंस तर उद्या पत्रा बसेल.’’

ही गाडी म्हणजे काकांची जुनी मिनी बस. भिलाईच्या पोलाद कारखान्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी ती विकत घेतली, बाकडी काढून आत दोन पलंग, ओटा, पाण्याची टाकी आणि लहानसे न्हाणीघर करून घेतले. राजिमच्या माघी पुन्नी मेळ्याला, अमरकंटकला, बस्तरात चित्रकोटच्या धबधब्याला ती जाऊन आली आहे. आमच्या घरी तिला ‘काकूची दुसरी सासुरवाडी’ म्हणतात, कारण तिथेही स्वयंपाक काकूलाच करावा लागतो.

टाटीबंधच्या गॅरेजात पोचले तेव्हा काका स्टुलावर, हातात वही, आणि दोन कारागीर छताच्या आतून जुना कापूस ओढून काढत होते. काकू मात्र आली नव्हती. ती महिनाभर एकच सांगत होती, ‘‘अहो, विकून टाका ती गाडी.’’

तिच्या रागाला कारण होते. गेल्या वर्षी राजिमला रात्री उकाडा असह्य झाला म्हणून काकांनी एसी लावला. मागच्या भिंतीत बसवलेला दीड टनाचा जुना खिडकीचा एसी, आणि तो चालवायला डिकीत पेट्रोलचा जनरेटर. पहाटे काकू उठली ती डोके फुटेल अशा दुखण्याने, उलटी होईल असे वाटत होते. काका म्हणाले पित्त असेल. दार उघडून बाहेर वाऱ्यावर बसल्यावर अर्ध्या तासात तिला बरे वाटले. पित्त असे अर्ध्या तासात उतरत नाही, पण त्या वेळी ते कोणाच्या ध्यानात आले नाही.

मला ते ध्यानात आले एका जुन्या बातमीमुळे. डिसेंबर २०२४ मध्ये केरळात, कोळिकोड जिल्ह्यातील वडकरा येथे, रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या एका कॅरव्हॅनमध्ये दोन माणसे मृतावस्थेत सापडली. अंगावर जखम नाही, झटापट नाही. एसीसाठी जनरेटर चालू होता. पुढे कालिकतच्या एनआयटीतील तज्ज्ञांनी त्याच गाडीत तसाच जनरेटर लावून तपासणी केली, तेव्हा धूर तळाच्या फटीतून आत शिरत असल्याचे दिसले. दोन तासांत आतल्या हवेत कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण दर दहा लाख भागांत साडेनऊशेच्या वर गेले होते.

या वायूला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो, त्यामुळे माणूस श्वास घेत असूनही आतून गुदमरतो. आधी डोकेदुखी, मग मळमळ, मग गुंगी. झोपेत असलेल्या माणसाला पहिल्या दोन पायऱ्या कळतच नाहीत. ही बातमी मी काकांना दाखवली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी जनरेटर काढून भंगारवाल्याला दिला. विकला नाही, हे मला फार आवडले.

पण मग थंडावा कशाने आणायचा? काकूला मधुमेह आहे. तिच्या इन्सुलिनच्या न उघडलेल्या कुप्या २ ते ८ अंशांत ठेवाव्या लागतात, आणि सुरू केलेली कुपीसुद्धा रायपूरच्या मे महिन्यात बाहेर ठेवता येत नाही. तेव्हा गाडीत फ्रिज चोवीस तास चालला पाहिजे, एसीचे नंतर पाहू, असा हिशेब वहीच्या पहिल्या पानावर होता. फ्रिजला पहिला मान देणारा गृहस्थ मी प्रथमच पाहिला.

छतावर सौर पट्ट्या लावायच्या हे ठरले. पुष्कळांना वाटते, पट्टी लावली की एसी फुकट. तसे नाही. काकांच्या गाडीचे छत अठरा फूट लांब, साडेसहा फूट रुंद. त्यावर आडव्या चार पट्ट्या मावतात, प्रत्येकी ३३५ वॅटची, म्हणजे सगळ्या मिळून १३४० वॅट. उरलेल्या पाच फुटांत झरोका आणि पाण्याची टाकी. आता १३४० वॅट हा आकडा कारखान्यातला, २५ अंश तापमानाचा. आपल्याकडे मे महिन्यात पट्टीचे अंग ६५-७० अंशांपर्यंत तापते आणि २५ च्या वरच्या प्रत्येक अंशामागे तिची वीज साधारण एक तृतीयांश टक्क्याने घटते. ऊन जास्त म्हणून वीज जास्त, हे खरे. पण तापलेली पट्टी आळशी होते, हेही खरे. वर धूळ. हे सगळे वजा जाता दिवसाला पाचेक युनिट हाती लागतात.

जुना दीड टनी एसी एका रात्रीत दहा-अकरा युनिट खात होता. हिशेब तिथेच संपला.

म्हणून एसी बदलला. ‘टन’ या शब्दाची एक गंमत आहे. पूर्वी थंडावा बर्फाने मोजत. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढे काम करणारे यंत्र ते एक टनाचे. आपण मात्र एसीचे वजन समजतो! एवढ्या लहान जागेला दीड टन लागतच नव्हता. जुन्या मालकाने ‘मोठा तो चांगला’ या न्यायाने तो बसवला होता. आता एक टनाचा, पाच तारांचा इन्व्हर्टर एसी आहे. जुन्या यंत्राचा कॉम्प्रेसर एक तर पूर्ण चालतो किंवा पूर्ण बंद होतो, आणि प्रत्येक वेळी सुरू होताना विजेचा मोठा घोट घेतो. नव्याचा कॉम्प्रेसर खोली गार झाली की हळू फिरत राहतो. पहिले दोन तास सात-आठशे वॅट, पुढे अडीच-तीनशे. रात्री नऊ ते सकाळी सहापर्यंत साडेतीन युनिटमध्ये भागते, मात्र तो २६ अंशांवर ठेवला तर. काकांना १८ वर झोपायची हौस होती. ती हौस काकूने वहीतून खोडली.

इथे मला एक सांगावेसे वाटते. घरचा भिंतीवरचा एसी धक्के खाण्यासाठी बनवलेला नसतो. केशकालच्या घाटातून गाडी गेली की तांब्याच्या नळीचे सांधे सैल होतात आणि वायू गळतो. त्यासाठी नळीला एक मोकळा वेढा द्यावा लागतो आणि बाहेरचे यंत्र रबरी पायांवर बसवावे लागते. दुसरा मार्ग म्हणजे बॅटरीवर थेट चालणारे, ट्रकच्या केबिनचे एसी. १ ऑक्टोबर २०२५ नंतर तयार होणाऱ्या मोठ्या मालवाहू ट्रकांना केबिनमध्ये एसी सक्तीचा झाला आहे, त्यामुळे टाटीबंधच्या मिस्त्रींचा हात आता अशा कामावर बसू लागला आहे. पुन्हा करायचे झाले तर मी काकांना हाच मार्ग सुचवीन. पण घरचा एसी स्वस्त पडला, आणि काका काका आहेत.

सगळ्यात जास्त पैसा बॅटरीत गेला. आधीच्या चार ट्युब्युलर बॅटऱ्या मिळून सव्वादोनशे किलोच्या वर. त्यांतली निम्मीच वीज वापरायची असते, नाहीतर त्या लवकर मरतात. शिवाय चार्ज होताना त्या हायड्रोजन सोडतात, आणि काकांनी त्या पलंगाखाली ठेवल्या होत्या! त्यांच्या जागी ४८ व्होल्टची, १०० अँपिअर-तासांची एकच लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी आली. वजन पन्नास किलोच्या आत, साठा पाच युनिटचा, आणि त्यातले चारच्या वर निर्धास्त वापरता येतात. ४८ व्होल्ट का? हजार वॅट १२ व्होल्टने न्यायचे तर तारेतून ८३ अँपिअर वाहतात, ४८ व्होल्टने जेमतेम २१. तार बारीक, तापणे कमी. बॅटरीपासून हातभर अंतराच्या आत जाड फ्यूज मात्र हवाच, आणि बॅटरी इंजिनपासून लांब हवी. उष्णता तिलाही सोसत नाही.

गाडी धावताना अल्टरनेटरवरून ती चार्ज करायचा मोह सगळ्यांना होतो. सरळ तार जोडली तर रिकामी लिथियम बॅटरी इतकी वीज ओढते की जुना अल्टरनेटर जळू शकतो. मध्ये वीज मोजूनमापून सोडणारा चार्जर बसवावा लागतो.

हे सगळे झाले, पण माझ्या मते खरे काम त्या दिवशी चालले होते ते. छताचे. पूर्वी भर दुपारी बंद गाडीत काकांनी भिंतीवरचा पारा ५१ वर गेलेला पाहिला होता. पत्र्याखालचा ओला, कुजका कापूस काढून त्या जागी दोन इंची फोमच्या लाद्या चिकटवल्या. वरून पांढरा रंग. पट्ट्या पत्र्याला चिकटवल्या नाहीत, तीन इंच उंच बसवल्या. खालून वारा खेळतो, पट्टी थोडी गार राहते आणि छताला आयती सावली मिळते. खिडक्यांना आतून जाड पडदे, आणि बाहेरून काकूच्या माहेरची जुनी युक्ती, वाळ्याचे ताटवे. नव्या छतानंतर तसल्याच दुपारी पारा ४३ वर थांबला. एक पैची वीज न जाळता आठ अंश! एसीची निम्मी लढाई इथेच जिंकली जाते, पण लोक छत सोडून आधी यंत्राच्या दुकानात जातात.

कूलर का नाही, असे कोणी विचारील. मेमधल्या कोरड्या हवेत कूलर झकास चालतो आणि दीडशे-दोनशे वॅटमध्ये भागतो. आमच्या रायपूरकरांचे निम्मे आयुष्य त्यापुढेच गेले. पण त्याला पाणी भरपूर लागते आणि गाडीतली टाकी आंघोळीलाच पुरत नाही. मृगाचा पाऊस पडून हवा दमट झाली की तो नुसती ओल उडवतो.

खर्च? पट्ट्या, बॅटरी, इन्व्हर्टर, एसी, छत आणि मजुरी मिळून पावणेतीन लाखांच्या आसपास. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा जीएसटी २८ चा १८ टक्के आणि सौर उपकरणांवरचा १२ चा ५ टक्के झाला, तेवढाच दिलासा. घराच्या गच्चीवर तीन किलोवॅटची सौर यंत्रणा बसवली तर पंतप्रधान सूर्य घर योजनेत केंद्राकडून ७८ हजारांचे अनुदान मिळते. गाडीच्या छताला ते नाही. त्यामुळे पैसे एकाच ठिकाणी घालायचे असतील तर आधी घराची गच्ची पाहावी, हे मी काकांच्या तोंडावर सांगितले. ‘‘गच्ची काय अमरकंटकला येते का?’’ ते म्हणाले.

आणखी एक, जे फारसे कोणी सांगत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीच्या कागदावर गाडी जशी लिहिली आहे त्यापेक्षा वेगळी करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते स्पष्ट केले. बाकडी काढून पलंग टाकले, छतावर वजन चढवले, तर आधी परिवहन कार्यालयात जाऊन परवानगी आणि नोंद करून घ्यावी. अपघात झाला तर विमा कंपनी पहिल्यांदा तो कागद मागते. काकांनी पलंगांची नोंद पूर्वी केली होती, पट्ट्यांसाठी पुन्हा दोन खेटे घातले.

जूनच्या पहिल्या आठवड्यात गाडी चौबे कॉलनीत दारासमोर येऊन उभी राहिली. काकूची अट होती, पहिली रात्र घराच्या फाटकापाशीच. उशाशी कार्बन मोनॉक्साइड ओळखणारे छोटे यंत्र टांगले. जनरेटर गेला तरी गाडीत शेगडी आहे, आणि शेजारी कोणी दुसरी गाडी चालू ठेवून झोपला तर? हे यंत्रही काकूच्याच आग्रहाने आले.

दिवसा मात्र एसी लावायचा नाही, हे दोघांनी मान्य केले. दिवस आणि रात्र, दोन्ही एवढ्याशा छतात बसत नाहीत. दुपारी झाड गाठायचे. पण झाडाची सावली पट्टीवर पडली की वीज बसते. एका पट्टीवर फांदीची सावली आली तरी ओळीतल्या सगळ्यांची वीज घटू शकते. तेव्हा गाडी उन्हात, माणसे झाडाखाली, असा नवा संसार.

सकाळी सहाला मी चहा घेऊन गेले. बॅटरीवर १९ टक्के उरले होते. काका तो आकडा वहीत लिहीत होते, दोनदा चष्मा पुसून. काकू उठून बसली, फ्रिज उघडला, कुप्या बर्फाच्या कप्प्याला टेकल्या नाहीत ना ते पाहिले, कारण गोठलेले इन्सुलिन वाया जाते. मग तिने फ्रिजचे दार लावले.

‘‘डोकं दुखतंय का गं?’’ काकांनी वही खाली न ठेवता विचारले.

‘‘नाही,’’ काकू म्हणाली, ‘‘पण तुमच्या एसीचं पाणी थेट माझ्या तुळशीवर गळतंय. त्याची नळी आधी वळवा.’’