गाडी झोपणार कुठं?

मुलांनो,

गेल्या महिन्यात आमच्या चौथीच्या वर्गानं शाळेच्या पटांगणात खडूनं एक मोटारगाडी काढली. नुसतं चित्र नव्हे हं, खऱ्या मापाची गाडी! टेप घेऊन मोजली, ३ मीटर ४० सेंटिमीटर लांब आणि १ मीटर ४८ सेंटिमीटर रुंद. चौकोन पुरा झाला आणि सगळी मुलं माझ्याकडे बघायला लागली.

"बाई, एवढीच?"

"एवढीच."

मग पुढं दोघं आणि मागं दोघं असे चौघे आत बसले. त्यांची बसायची सोय व्यवस्थित झाली. मग बाकीच्यांना कसला दम निघतोय! एकेक करत बावीस जण आत शिरले, खडूची रेघ पुसून गेली आणि गाडीची वाट लागली.

ही गाडी खरीखुरी आहे, बरं का. ती माझ्या धाकट्या भावाची, सुहासची आहे आणि जपानमधल्या हामामात्सु नावाच्या शहरात उभी असते. ती घेताना आमच्या घरात केवढं महाभारत झालं, ते आज तुम्हाला सांगायचं आहे. आई-बाबांनीही वाचायला हरकत नाही.

सुहास २०२२ साली नोकरीसाठी तिकडे गेला. पाठोपाठ माझी भावजय आणि भाची इरा गेल्या. हामामात्सु हे तोक्यो आणि ओसाका या दोन मोठ्या शहरांच्या साधारण मध्ये, समुद्राजवळ वसलेलं आहे. यामाहाचे पियानो आणि सुझुकीच्या मोटारी यांचं हे गाव. हवा तशी बरी, पण हिवाळ्यात तिथं वायव्येकडून कोरडा, बोचरा वारा सुटतो. तिथले लोक त्याला 'कराक्काझे' म्हणतात. तो सुटला की सायकल पुढं जाण्याऐवजी जागच्या जागी नाचायला लागते.

आणि भावजय तर इराला सायकलच्या मागच्या खुर्चीत बसवून बालवाडीत सोडायला जायची! २०२४ च्या जानेवारीत एका सकाळी वाऱ्याचा असा झोत आला की दोघी सायकलसकट आडव्या झाल्या. इराच्या डोक्यावर हेल्मेट होतं म्हणून वाचली. कोपर मात्र चांगलंच सोलवटलं. भावजयीचा ओठ फुटला. संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर इरा मला पट्टी दाखवून सांगत होती, "आत्या, वाऱ्यानं ढकललं." मला काही सुचेना. त्याच रात्री ठरलं, गाडी घ्यायची.

आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, एसटीत ड्रायव्हर होते. बत्तीस वर्षं त्यांनी कराडहून गाड्या नेल्या. घाटात, पावसात, धुक्यात. गाडी म्हटली की घरात त्यांचाच शब्द शेवटचा. ते म्हणाले, "घे. पण चांगली मोठी घे. परदेशात राहतोस, चार लोकांनी बघितली पाहिजे." खरं सांगायचं तर सुहासच्याही मनात मोठीच होती. सात जण बसतील अशी. आम्ही सगळे कधी तिकडे गेलो तर एकदम फिरायला जाता येईल, असा त्याचा हिशेब.

पण आधी परवाना. आपल्याकडून नेलेला आंतरराष्ट्रीय परवाना तिथं फार तर एक वर्ष चालतो. पुढं आपला भारतीय परवाना दाखवून तिकडचा करून घ्यावा लागतो. त्याची लेखी परीक्षा असते आणि मैदानात आखलेल्या रस्त्यांवर गाडी चालवून दाखवायची असते. जपानमध्येही आपल्यासारखंच रस्त्याच्या डाव्या बाजूनं चालवतात, तेव्हा सुहासला वाटलं, त्यात काय! पहिल्यांदा नापास. का? तर डावीकडे वळताना त्यानं नुसतं आरशात पाहिलं, मान वळवून मागं पाहिलं नाही. मागून सायकलवाला आला असता तर? दुसऱ्यांदाही नापास. या वेळी 'तोमारे', म्हणजे 'थांबा', अशी पाटी होती तिथं तो थांबला, पण पुरता नाही. चाक जरासं सरकतच होतं. तिथं गाडी अगदी ठार उभी राहिली पाहिजे. रेल्वेच्या फाटकाशीसुद्धा तसंच. फाटक उघडं असलं तरी आधी थांबायचं, दोन्हीकडे बघायचं, मगच रूळ ओलांडायचे.

"एसटी ड्रायव्हरचा मुलगा दोनदा नापास!" अण्णा दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्यांदा तो पास झाला.

आता खरी गंमत ऐका. सुहास गाड्यांच्या दुकानात गेला आणि त्या सात जणांच्या गाडीपाशी जाऊन उभा राहिला. विक्रेत्यानं आधी किंमत सांगितली नाही की रंग विचारला नाही. त्यानं विचारलं, "गाडी रात्री कुठं ठेवणार?"

जपानमध्ये १९६२ सालापासून एक कायदा आहे. गाडी घ्यायची तर ती ठेवायला स्वतःची किंवा भाड्याची जागा हवी, आणि ती जागा घरापासून २ किलोमीटरच्या आत हवी. मोठी गाडी असेल तर जागेचा नकाशा आणि जागामालकाची संमती घेऊन पोलीस ठाण्यात जायचं. पोलीस खात्री करून दाखला देतात. तो दाखला नाही, तर गाडीची नोंदणी नाही. नोंदणी नाही, तर गाडी नाही! आणि रस्त्यावर लावून ठेवीन म्हणाल तर तेही जमत नाही. रात्री एकाच ठिकाणी आठ तासांपेक्षा जास्त वेळ गाडी रस्त्यावर ठेवणं हा तिथं गुन्हा आहे. रस्ता जाण्यायेण्यासाठी, गाडीला झोपण्यासाठी नाही, असा सरळ हिशेब.

सुहासच्या इमारतीत एकच जागा रिकामी होती. तिथं जमिनीवर पांढऱ्या रंगानं एक जपानी अक्षर रंगवलं होतं. त्याचा उच्चार 'केई' आणि अर्थ 'हलकं'. म्हणजे काय, तर ही जागा फक्त केई गाडीसाठी. मोठ्या गाडीला जागा मिळत होती, पण घरापासून पाऊण किलोमीटरवर आणि महिन्याच्या भाड्यानं. भावजय म्हणाली, "त्या वाऱ्यात इराला घेऊन पाऊण किलोमीटर चालतच जायचं असेल, तर गाडी हवी कशाला?" तिचं म्हणणं अगदी बिनतोड होतं.

तर ही केई गाडी म्हणजे आम्ही खडूनं काढली ती. महायुद्धानंतर जपानी लोकांच्या खिशात पैसे नव्हते, तेव्हा साध्या माणसाला परवडावी म्हणून १९४९ साली या छोट्या गाड्यांचा वेगळा वर्ग तिथल्या सरकारनं केला. किती लांब, किती रुंद, केवढं इंजिन, सगळं ठरवून दिलं. सुझुकीची पहिली मोटार १९५५ सालची, ती याच वर्गातली आणि याच हामामात्सुची. तेव्हा इंजिन होतं ३६० सीसीचं. पुढं मापं वाढत गेली आणि १९९८ पासून आजची मापं आहेत: लांबी ३.४० मीटर, रुंदी १.४८ मीटर, उंची २ मीटर, यापुढं एक बोटभरही नाही. इंजिन जास्तीत जास्त ६६० सीसीचं. सीसी म्हणजे घन सेंटिमीटर. अर्धा लिटर दुधाची पिशवी आणि वर एक कप, एवढीच इंजिनाच्या पोटातली जागा! एरवी इंजिनाचं पोट कुणी दुधानं मोजत नाही, पण वर्गात समजावताना मला हेच सुचलं.

गाडीच्या आत रुंदीला जागा कमी, म्हणून हे लोक उंची वापरतात. सुहासनं घेतली ती अशीच उभट, कपाटासारखी गाडी. मागचे दरवाजे बाजूला सरकणारे. त्याचं कारणही त्या चिंचोळ्या जागेतच आहे. पाच वर्षांच्या मुलीनं धाडकन दार उघडलं तर ते शेजाऱ्याच्या गाडीवर आपटायला नको!

पैशांचं थोडक्यात सांगते. किंमत सोळा लाख. हा आकडा ऐकून अण्णा खुर्चीतून उठलेच! मग सुहासनं सांगितलं, सोळा लाख येन. त्या वेळच्या भावानं आपले साधारण साडेआठ लाख रुपये. कर्ज देणाऱ्यांनी मात्र जरा खळखळ केली. परदेशी माणसाचा व्हिसा जितके दिवस, तितक्याच दिवसांत कर्ज फिटलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळं साठवलेले बरेच पैसे एकदम भरावे लागले. वर्षाचा कर मात्र कमी, १०,८०० येन. जरा मोठी, दीड लिटर इंजिनाची गाडी घेतली असती तर तोच कर ३०,५०० येन झाला असता. कागदपत्रंही कमी. मोठ्या गाडीला नगरपालिकेत नोंदवलेला स्वतःचा शिक्का लागतो, छोटीला रहिवासाचा दाखला पुरतो. गाडी ठेवण्याच्या जागेबद्दल पोलिसांना कळवावं मात्र लागलंच. शहरांत छोट्या गाडीलाही त्यातून सुटका नाही. खेड्यांत सूट आहे.

आणखी एक खर्च मला फार आवडला. गाडी विकत घेतानाच, ती पुढं कधीतरी मोडीत निघेल तेव्हाच्या विल्हेवाटीचे पैसे भरून ठेवायचे! २००५ सालापासून तिथं तसा कायदा आहे. गाडीचा वाढदिवस आणि तेराव्याचा खर्च एकाच दिवशी, असं भावजय म्हणाली. (तिचा स्वभाव असाच आहे.)

एप्रिलमध्ये गाडी आली. सुहासनं फोटो पाठवला आणि इकडे नवाच गोंधळ उडाला. अण्णांनी फोटो मोठा करून पाहिला आणि ताबडतोब फोन लावला.

"सुहास, नोकरी सुटली का रे तुझी?"

"नाही अण्णा. का?"

"मग टॅक्सी कशाला चालवतोस?"

झालं होतं असं, की गाडीच्या नंबराची पाटी होती पिवळी आणि तीवर काळी अक्षरं. आपल्याकडे अशी पाटी टॅक्सीची. जपानमध्ये तीच घरच्या केई गाडीची खूण! सुहासनं समजावलं, पण अण्णांचं तोंड उतरलेलं ते उतरलेलंच. "एवढ्या लांब जाऊन एवढीशी गाडी," असं ते जेवताना दोनदा पुटपुटले. आता पंचाईत अशी, की पारावर त्यांनी आधीच सात जणांच्या गाडीचं सांगून ठेवलं होतं.

मला वाईट वाटलं. मग आठवलं, की लहानपणी आमच्या गल्लीत पहिली मोटार आली ती डॉक्टरांची मारुती ८००. ती बघायला अख्खी गल्ली जमली होती, आणि अण्णांनी, एसटी हाकणाऱ्या अण्णांनी, डॉक्टरांना विचारून तिच्या स्टिअरिंगला नुसता हात लावून पाहिला होता. ही मारुती सुझुकीच्याच छोट्या गाडीवरून केलेली. १४ डिसेंबर १९८३ रोजी दिल्लीत पंतप्रधान इंदिरा गांधींनी पहिल्या गाडीची किल्ली मालकाच्या हाती दिली होती. २०१४ साली तिचं उत्पादन थांबलं. पण आमच्या मागच्या गल्लीत एक मारुती ८०० अजून चालू आहे.

मी अण्णांच्या हातात टेप दिला आणि म्हटलं, "चला."

मालकांना विचारून आम्ही ती मोजली. अण्णांनी एक टोक धरलं, मी दुसरं. लांबी ३ मीटर ३३ सेंटिमीटर, रुंदी १ मीटर ४४. अण्णांनी पुन्हा मोजायला लावलं. पुन्हा तेवढीच. मग ते टेप गुंडाळत म्हणाले, "म्हणजे सुहासची डॉक्टरांच्या गाडीपेक्षा मोठीच की!" आणि थेट पाराकडे गेले.

लिंबांचं सांगायचं राहिलंच. गाडी ताब्यात घेताना सुहासनं खिशातून चार लिंबं काढली. दुकानातली फरशी आरशासारखी लखलखीत, तिच्यावर लिंबाचा रस कसा सांडायचा? त्यानं अडखळत विक्रेत्याला विचारलं. विक्रेता हसला. जपानी लोकही नवी गाडी देवळात नेतात, पुजाऱ्याकडून तिच्यासाठी प्रार्थना करून घेतात आणि प्रवास सुखरूप व्हावा म्हणून देवळातला ताईत गाडीत ठेवतात, असं त्यानं सांगितलं. मग गाडी बाहेरच्या अंगणात नेली, इरानं स्वतः चाकांखाली लिंबं ठेवली आणि ती चिरडल्यावर विक्रेत्यानंच सालं उचलली. गाडी वळणाआड जाईपर्यंत तो रस्त्याच्या कडेला वाकून उभा होता म्हणे.

हे सगळं मी वर्गात सांगितलं, तेव्हा पहिल्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला. "बाई, तुमची गाडी कुठं झोपते?"

आमच्याकडे एक जुनी गाडी आहे. ती शाळेच्याच गल्लीत, भिंतीला लावून उभी असते. सकाळी रिक्षा आत येत नाहीत म्हणून पहिलीची मुलं कोपऱ्यावर उतरून चालत येतात, ती तिच्याच बाजूनं, अंग चोरून. मी तसं सांगून टाकलं. मग आम्ही सगळे टेप घेऊन गल्ली मोजायला गेलो. भिंतीपासून भिंतीपर्यंत ४ मीटर २०. गाडी वजा केल्यावर काय उरलं ते मुलांनी फळ्यावर लिहिलं. मी ते अजून पुसलेलं नाही, आणि गाडीसाठी मागच्या वाड्यात जागा मिळते का, ते विचारायला रविवारी जाणार आहे.

तुमच्याही दारची गल्ली मोजा, आणि तिथं रात्री किती गाड्या झोपतात ते मोजून मला पत्रानं कळवा. टेप नसेल तर पावलांनी मोजलं तरी चालेल. मात्र आपलं एक पाऊल किती सेंटिमीटरचं, ते आधी पट्टीनं बघून घ्या.

तुमच्या बाई